खुर्ची नको, सोबत हवी

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, यांस



आपण पुण्याचे. तेव्हा रात्री दहा-अकराच्या सुमारास कोथरूड, सिंहगड रोड, पिंपळे सौदागर इथल्या सोसायट्यांच्या गेटवर उभ्या राहणाऱ्या इनोव्हा आपल्याला ओळखीच्या असणारच. कॅरिअरला बांधलेल्या बॅगा, मागच्या सीटवर आई-वडील, पुढे मुलगा नाहीतर जावई आणि त्याच्या मांडीवर पासपोर्टची फाइल. द्रुतगती मार्गानं मुंबईचं सहार विमानतळ गाठायचं आणि पहाटेचं विमान पकडायचं. परदेशी निघालेल्या कितीतरी पुणेकरांचा प्रवास अजूनही असाच सुरू होतो. मी एका यात्रा कंपनीत टूर लीडर आहे. गाडी टर्मिनलच्या दारात लागली की माझं काम सुरू होतं. हे पत्र त्या दारापासून विमानाच्या दारापर्यंतच्या वाटेबद्दल आहे.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर पुण्याहून आलेलं पत्र म्हणजे तक्रारच, असा समज व्हायचा. हातातल्या बॅगेच्या टॅगवर शिक्का मारायची पद्धत 2017 साली मोठ्या विमानतळांवरून जायला लागली, तेव्हा आमच्या धंद्यातल्या माणसांनी हुश्श केलं. त्याआधी ग्रुपमधल्या कुणाचा ना कुणाचा एक शिक्का राहायचा आणि बोर्डिंगच्या रांगेतून त्याला उलट पावली सिक्युरिटीकडे धाडावं लागायचं. डिसेंबर 2022 मध्ये चेहरा दाखवून आत सोडणारी डिजियात्रा आली. जानेवारी 2025 मध्ये मुंबईत इमिग्रेशनचा जलद मार्ग सुरू झाला. ट्रॉली आपल्याकडे फुकट मिळते. अमेरिकेतल्या कित्येक विमानतळांवर तिच्यासाठी कार्ड घासावं लागतं, हे पाहिलं की आमच्या मंडळींना आपल्या देशाचा अचानक अभिमान वाटू लागतो. आणि सहारचं टर्मिनल 2, जे 2014 साली सुरू झालं, ते देखणं आहे यात वादच नाही. तिथल्या 'जय हे' या कलादालनात पाच हजारांहून अधिक वस्तू मांडल्या आहेत. कोरीव दरवाजे, झरोके, मूर्ती बघत आमच्या ग्रुपमधल्या बायका इतक्या रमतात की त्यांना गोळा करायला वेगळा वेळ धरून ठेवावा लागतो. ही तक्रार नाही. विमानतळावर कुणी रमतं, हेच विशेष.

पण यातल्या बहुतेक सोयी ज्याला विमानतळ आधीच पाठ आहे, त्याच्या आहेत. डिजियात्रा हवी तर स्मार्टफोन हवा, त्यात आधार जोडलेलं हवं, सेल्फी काढता यायला हवा. आमच्या काकूंचा बोर्डिंग पास मुलानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला असतो. दारातल्या जवानासमोर फोन लॉक होतो, मग पॅटर्न आठवत नाही, मग आठवतो तेव्हा घरच्या ग्रुपवर 'हॅपी जर्नी'चे इतके फुलांचे गुच्छ येऊन पडलेले असतात की पास शोधायला अंगठा वर-वर सरकवत बसावं लागतं. मागे रांग. जवान बिचारा बहुतेक वेळा सबुरीनं थांबतो. म्हणून मी ग्रुपमधल्या प्रत्येकाला कागदावर छापलेला पास देतो, ऑफिसातली तरुण मुलं कितीही हसली तरी.

टर्मिनलचा घोळ तर त्याच्याही आधी सुरू होतो. मुंबईच्या पिढ्यान् पिढ्यांच्या डोक्यात हिशेब सरळ होता: देशातलं विमान सांताक्रूझहून, परदेशाचं सहारहून. टर्मिनल 2 झाल्यावर देशांतर्गत विमानंही तिकडे गेली आणि हा हिशेब मोडला. एकाच कंपनीची काही विमानं इथून, काही तिथून. कोविडमध्ये टर्मिनल 1 बंद झालं, ऑक्टोबर 2021 मध्ये परत उघडलं. टॅक्सीवाल्याला 'डोमेस्टिक' म्हणालात तर तो कुठे नेईल हे त्याच्या वयावर अवलंबून. दोन्ही इमारतींना धावपट्ट्या त्याच, पण एकीतून दुसरीत जायचं तर बाहेर पडून मुंबईच्या रस्त्यावरून फिरून जायचं, आणि त्याला किती वेळ लागेल हे पार्ल्याचा सिग्नल ठरवणार. मेट्रो 3 झाल्यापासून मात्र दोन्ही टर्मिनलला स्वतःचं स्टेशन आहे, मध्ये फक्त सहार रोड. चुकीच्या टर्मिनलला उतरलेल्या माणसाला हे वेळेवर सांगणारा कुणी भेटला, तर त्याचं विमान वाचू शकतं.

आता त्यात 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. पुणेकरांसाठी ही पर्वणीच. विमानतळ वाटेवरच, सगळी मुंबई ओलांडायला नको. पण तिकीट शोधताना दोन्ही 'मुंबई'च दिसतात. एकाचं कोडनाव बीओएम, दुसऱ्याचं एनएमआय, आणि ही तीन अक्षरं मुलाला कळतात, आईला नाही. स्वस्त मिळालं म्हणून उतरायचं तिकीट एका विमानतळाचं आणि पुढचं दुसऱ्या विमानतळाचं काढलेली माणसं मी आत्ताच पाहू लागलोय. दोहोंमध्ये खाडी आहे. विमान कंपन्यांना एवढं तरी बंधनकारक करा, की आदल्या दिवशी जो निरोप येतो त्याची पहिली ओळ विमानतळाचं नाव, टर्मिनल आणि परिसर अशी असावी, देवनागरीत. 'टर्मिनल 2, सहार, अंधेरी पूर्व.' वेब चेक-इनची आणि जादा पैसे भरून खिडकीची जागा घ्यायची जाहिरात त्याच्या खाली येऊ द्या.

इथवरचं सगळं निरोप आणि पाट्या नीट करून सुधारेल. मला मुख्य बोलायचंय ते व्हीलचेअरबद्दल.

आपल्याकडून अमेरिकेला, लंडनला जाणाऱ्या विमानांच्या दारात व्हीलचेअरची रांग लागते, हे आपल्या कानावर असेलच. वर्तमानपत्रांत त्यावर चेष्टा होते. जाताना खुर्चीत बसून गेलेले आजोबा तिकडे उतरल्यावर टुणकन उठतात आणि पट्ट्यावरची तेवीस किलोची बॅग स्वतः ओढून काढतात, हे मीही पाहिलंय. काही जण रांग टाळायला खुर्ची मागतात, हेही खरं. खुर्ची ढकलणारा माणूस इमिग्रेशनला वेगळ्या रांगेतून नेतो, ही खबर आता गावोगाव पोचली आहे. तरीही सगळ्यांना लबाड म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांचे पाय शाबूत असतात आणि त्यांना खुर्ची नकोच असते. त्यांना ती ढकलणारा माणूस हवा असतो.

कराडहून, जतहून, श्रीरामपूरहून लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला एकट्या निघालेल्या बाईचा विचार करा. सत्तरीच्या आसपास वय, आयुष्यात पहिलं विमान, इंग्रजी नाही, हिंदी टीव्हीपुरती. मुलगा दारापर्यंत येतो. दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो, आणि तिकीट नसलेल्यानं तिथेच थांबायचं. नियम योग्य आहे. कंदाहारच्या विमान अपहरणानंतर 2000 सालापासून हे दल विमानतळांवर आलं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण त्या काचेच्या पलीकडे गेलेल्या बाईचं आत कुणी नसतं. पर्समध्ये मुलानं इंग्रजीत लिहून दिलेले कागद असतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत: मी अमुक गावाला चालले आहे, मला इंग्रजी येत नाही, कृपया मला गेटपर्यंत न्या. कुठला कागद कुठे दाखवायचा हे मागच्या बाजूला मराठीत. ही चिठ्ठ्यांची पद्धत परदेशी मुलं असलेल्या मराठी घरांत आता रुळली आहे. नवीन कुणी निघालं की जुन्यांकडून नमुना मागवतात.

आत गेल्यावर तिला एकच इमारत दिसते. प्रत्यक्षात तिथे चार-पाच घरचे कारभारी असतात. काउंटर विमान कंपनीचा. तपासणी सीआयएसएफची. इमिग्रेशन गृहखात्याचं, कस्टम्स अर्थखात्याचं. इमारत, पाट्या, दुकानं, पट्टे विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचे. प्रत्येक जण आपल्या टेबलापुरता ठीक वागतो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे कसं जायचं, हे मात्र कुणाच्याच नोकरीत लिहिलेलं नाही. कुणाला विचारलं की तो हात लांब करून 'आगे से राइट' म्हणतो, आणि पुढे दोन उजवीकडे जाणाऱ्या वाटा असतात.

त्यात मोठे विमानतळ आता मुके झाले आहेत. गोंगाट नको म्हणून बोर्डिंगच्या घोषणा बंद केल्या, बघायचं ते पडद्यावर. मला स्वतःला ती शांतता आवडते. पण आमच्या मंडळींची सवय एसटी स्टँडवरची: कान उघडे ठेवून बसायचं, आपल्या गाडीचं नाव पुकारतील. गेट बदललं की तो बदल पडद्यावरच्या एका आकड्यापुरता असतो, आणि पडद्याच्या ओळी वाचून होईपर्यंत पान उलटतं. मी ग्रुपसोबत असतो तेव्हा मी ओरडतो. एकट्या आलेल्या बाईसाठी कोण ओरडणार?

म्हणून ट्रॅव्हल एजंट तिकीट काढतानाच विचारतो, "व्हीलचेअर टाकू का?" मुलगा म्हणतो, टाका. विमान कंपन्यांच्या व्यवहारात व्हीलचेअरचे तीन मुख्य प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही उचलून न्यावं लागतं. एजंट पहिला टाकतो, आणि तिकडे खुर्च्यांच्या मागणीत आणखी एका खुर्चीची भर पडते. बाई संकोचून खुर्चीत बसते. पदर सावरून घेते. ओळखीचं कुणी बघतंय का, हे आधी पाहते. धडधाकट बाईला असं बसून जाणं लाजिरवाणं वाटतं. पण खुर्चीमागच्या पोराचा हात तिला सुटायला नको असतो. तो तिला काउंटरपासून विमानाच्या दारापर्यंत नेतो, मध्ये पाणी पाजतो, स्वच्छतागृह दाखवतो. पुढे सीटवर बसल्यावर ती मुलाला फोन करते आणि त्या पोराबद्दलच बोलते.

आणि याची किंमत ज्याला खरंच चालवत नाही, तो मोजतो. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांची बातमी आपल्याला आठवत असेल. नवरा-बायको दोघांसाठी खुर्ची मागितलेली होती. एक आली. तिच्यात पत्नी बसल्या आणि हे मागोमाग चालत निघाले. इमिग्रेशनपाशी कोसळले, आणि गेले. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबा असं त्यांना सांगितलं होतं, असा विमान कंपनीचा खुलासा होता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं (डीजीसीए) कंपनीला तीस लाखांचा दंड केला आणि सगळ्या कंपन्यांना पुरेशा खुर्च्या ठेवा असं बजावलं. दंड योग्यच. पण खुर्च्या वाढवून हा प्रश्न सुटेल, असं मला वाटत नाही. जोवर वाटाड्या मिळवायचा एकमेव मार्ग खुर्चीतून जातो, तोवर कितीही खुर्च्या आणल्या तरी त्या धडधाकट माणसं घेऊन जातील.

गंमत म्हणजे खुर्चीविना वाटाड्या द्यायला नवीन काही शोधायचंही नाही. त्याच विमान कंपन्यांच्या यंत्रणेत एमएएएस नावाचं एक कोड वर्षानुवर्षं आहे: प्रवाशाला भेटा आणि मदत करा. वयस्कर, पहिल्यांदा प्रवास करणारे, भाषा न येणारे, यांच्यासाठीच ते आहे. एजंटला विचारलं तर तो म्हणतो, "टाकून देतो, पण कुणी येईल याची गॅरंटी नाही." व्हीलचेअरला निदान नियमाचा धाक आहे, याला तेवढाही नाही. मुंबईसारख्या विमानतळांवर पैसे भरून सोबतीची सेवा मिळते, चांगली असते, पण ती आहे हे कराडच्या घरात माहीत नसतं आणि माहीत असलं तरी आई म्हणते, कशाला एवढे पैसे.

माणूस सोबत असला की नुसती वाट कळते असं नाही. एका पहाटे एका काउंटरवर अशाच एका काकूंची बॅग उघडायला लावली होती. माझ्या ग्रुपच्या नव्हत्या, शेजारच्या रांगेत होत्या. बॅगेच्या तळाशी जुन्या साडीच्या फडक्यात खोबऱ्याच्या वाट्या बांधलेल्या. लेकीसाठी तिकडे गेल्यावर डिंकाचे लाडू करायचे होते. डिंक चालला, खारीक चालली, खोबरं बाहेर. काउंटरवरची मुलगी एवढंच म्हणत होती, "अलाउड नाही." काकू म्हणत होत्या, "अगं, घरचंच आहे." दोघी आपापल्या जागी खऱ्या. कोरडं खोबरं हे विमान वाहतुकीच्या यादीत धोकादायक मालात येतं, आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंमध्ये, कारण त्यात तेल भरपूर असतं आणि बंद जागेत ते गरम होत जातं. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या बाईला तेलाचं तापणं कुणी शिकवावं लागत नाही. "असं होय," म्हणाल्या, आणि वाट्या स्वतःच उचलून बाजूला ठेवल्या. ते समजावून सांगायला मला फार वेळ लागला नाही. पण काउंटरवरच्या मुलीकडे तेवढाही नव्हता. तिच्यापुढे अख्खं विमान उभं होतं.

खर्चाचं म्हणाल, तर प्रवासी पैसे देतोच आहे. तिकिटात वापरकर्ता विकास शुल्क असतं, त्याचा दर भारतीय विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि त्याची ओळ वाचल्याशिवायच आपण सगळे ते भरतो. आपल्याच मंत्रालयानं डिसेंबर 2024 मध्ये कोलकात्याला उडान यात्री कॅफे काढून दहा रुपयांत चहा देऊन दाखवला. त्याआधी विमानतळावर दहा रुपयांचा चहा शक्य नाही, असंच सगळे सांगत होते. मग सोबत का देता येऊ नये?

सुरुवात नवी मुंबईला करा. विमानतळ नवा आहे, कारभाऱ्यांच्या सवयी अजून घट्ट झालेल्या नाहीत. शिवाय त्या जमिनीवर उलवे-पनवेल पट्ट्यातली गावं होती. तिथल्या प्रकल्पग्रस्तांच्या मुलामुलींना नोकऱ्या द्या ही मागणी जुनी आहे, आणि त्यांना बहुधा सामान उचलायची नाहीतर झाडलोटीची कामं मिळणार, ही भीतीही तेवढीच जुनी. त्यांना हे वाटाड्याचं काम द्या. मराठी येतं, हिंदी येतं, कामापुरतं इंग्रजी महिना-दोन महिन्यांत येईल. खाडीकाठच्या पोरांना अनोळखी माणसाशी बोलायचा संकोच नसतो, हा माझा अनुभव. पाळी रात्रीची मोठी ठेवा, कारण परदेशी जाणारी बहुतेक विमानं रात्रीची आणि गोंधळही तेव्हाच. दारात, तिकीट बघणाऱ्या जवानाच्या दोन पावलं आत, एक टेबल. तिकिटावर एमएएएस असो वा नसो. जो म्हणेल 'मला कळत नाही', त्याच्यासोबत एकानं गेटपर्यंत जायचं. एका खेपेत एकाच विमानाची पाच-सहा माणसं नेली तरी चालेल. आम्ही टूर लीडर एरवी तेच करतो. मुलाला फोन लावून 'आई गेटवर बसली' एवढं सांगायचं काम त्यातच धरा, म्हणजे तो बाहेर काचेला नाक लावून उभा राहणार नाही आणि एक्सप्रेसवेवर वेळेत परत लागेल. आणि व्हीलचेअर मागणाऱ्याला तिकीट काढतानाच विचारा: चालता येत नाही, की वाट सापडत नाही? दुसरं उत्तर देणाऱ्याला खुर्चीऐवजी माणूस मिळणार, हे एकदा कळलं की तो खोटं सांगणार नाही.

एक वर्ष करून बघा. खुर्च्यांची मागणी किती उतरते, हे विमान कंपन्याच आपल्याला आकड्यांत सांगतील. त्यांनाही या खुर्च्या महागात पडताहेत.

गणवेशाबद्दल तेवढं एक सांगून ठेवतो. रंग लांबून दिसेल असा घ्या, झेंडूसारखा वगैरे. निळा किंवा करडा नको. तो तिथे आधीच सगळ्यांनी घातलेला आहे आणि कुणाला विचारायचं हेच कळत नाही.

आपला,
पुण्यातला एक टूर लीडर